चार बोटं माती

बाझलच्या बंदरामागे, ऱ्हाइनच्या काठी,
गोदामाच्या सपाट छपरावर मी माती मोजायला चढते.
पिशवीत लेसर आहे, ओल मोजायचं यंत्र आहे,
आणि आईची विणायची सुई.
शेवटी विश्वास सुईवरच.
खुपसायची, टोक खालच्या पडद्याला टेकलं की थांबायचं,
अंगठ्याने खूण धरून वर काढायची.
चार बोटं.

चार बोटांत सेडम मावतं,
लठ्ठ, लालसर, पोटाला पाणी बांधून बसलेलं,
दिवसा तोंड मिटून घेणारं, रात्री श्वास सोडणारं.
शेवाळ मावतं. मेलं म्हणावं
तर एका सरीत हिरवंगार.
वर्षाचा निम्मा पाऊस ही माती अडवते,
उरलेला गटाराला देऊन टाकते,
ऑगस्टात तडकते, फेब्रुवारीत तळापर्यंत गोठते.
तरी शेजारचं डांबरी छप्पर बघा,
पालथ्या घड्यावर पाणी.

नदीपलीकडे इस्पितळावर वीतभर आहे.
तिथे रानकांदा, निळी घंटाफुलं, गुडघाभर गवत.
थंडी पडली की भुंगेरे खाली सरकतात,
आणखी खाली,
जिथवर दहिवराचा हात पोचत नाही.
चार बोटांत पळायला जागा कुठली?
वादळ येऊन जातं, तिथली पन्हळ कितीतरी वेळ कोरडीच.
मग एक थेंब. मग दुसरा.
विचार करून बोलणाऱ्या माणसासारखा.

बँकेवर तर हातभर, काही ठिकाणी दोन हात.
हिरवळ, बाक, सफरचंदाची तीन झाडं,
आणि पाणी घालायला पगारी माणूस.
साहेबांना तिथे स्वर्ग दोन बोटं उरतो.
पायाखालच्या तुळया कुणी बघत नाही,
भिजल्या मातीचं वजन कुणी विचारत नाही,
मी विचारते. मला त्याचेच पैसे मिळतात.

गोदामात आता घरं आहेत.
सगळ्यात वरच्या मजल्यावर ऑटिलिए ब्रोडबेक,
वय एक्क्याऐंशी, गॅलरीत कुंडी,
कुंडीत बिहीचं रोप, सहा वर्षं ताटकळलेलं.
"हे वर लावायचंय," ती म्हणाली.
मी ओल सांगितली, बर्फ सांगितला,
छपराच्या बांधकामाचं साल सांगितलं.
"म्हणजे तुमचं छप्पर भित्रं आहे."
"छप्पर तुमचं आहे," मी म्हटलं.
तिने कॉफी ओतली. साखर विचारली नाही.

रात्री नकाशा पसरला. बारा खांब.
खांबांच्या मधे छप्पर दमलेलं,
खांबाच्या माथ्यावर मात्र तसं नाही,
तिथला भार सरळ खाली उतरतो, जमिनीत जातो.
अभियंता झुटर फोनवर गुरगुरला,
दोन दिवस आकडे घासत बसला,
मग म्हणाला, सहा नंबर. फक्त सहा नंबर.
दीड हात, एक बोट जास्त नाही.

मार्चमध्ये बादल्या चढल्या.
विटांचा चुरा, नदीची वाळू, पानांचं खत.
सहा नंबरच्या डोक्यावर उंचवटा झाला,
आणि त्याचा उतार
दीड हातावरून वितीवर, वितीवरून चार बोटांवर,
कडेला नुसता गोटा.
पुढच्या वर्षी कुणी न पेरता
ज्याची त्याची खोली ज्याने त्याने शोधली होती.
उंचवट्याच्या सावलीत गवत,
उतारावर रानकांदा,
गोट्यांत एक कोळी, जाळं न विणता बसलेला.

ऑटिलिएने सुई मागितली.
रोपाजवळ, मुळं चुकवून, खुपसली.
सुई गेली. मुठीपर्यंत गेली.
तळ लागला नाही.
ती काही बोलली नाही, सुई परतही दिली नाही.

खाली तिच्या स्वयंपाकघरात
ओट्याशेजारून जाडजूड खांब वर जातो,
त्याच्या खिळ्याला एप्रन, कॅलेंडर, कांद्यांची जाळी.
आल्या आल्या तिने एकेक काढून खुर्चीवर ठेवलं.
मी बघत राहिले.
"त्याच्या डोक्यावर आता झाड आहे," ती म्हणाली,
"हे आणखी कशाला?"